पायथनची आवृत्ती, डॉक्युमेंटेशन, पॅकेजं आणि बातम्या: गावात नेट धड नसताना सगळं कोणत्या क्रमानं जमवायचं

तालुक्याच्या कॉलेजातले पोट्टे आणि पोरी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकताना जिथं अडकतात ती जागा लूप किंवा फंक्शन नसते, ती त्याच्या खूप आधीची असते. व्हिडिओ एका आवृत्तीचा, लॅपटॉपवर दुसरीच आवृत्ती, पेनड्राइव्हमधून आणलेली पॅकेजं (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड) तिसऱ्या आवृत्तीची, आणि वरून ग्रुपवर फॉरवर्ड येते की नवीन पायथन आलं, सगळ्यांनी अपडेट करा. मग जे धड चालू होतं तेही बंद पडतं. शहरात फायबर असलं तं माणूस पुसून पुन्हा टाकतो, अर्ध्या तासात मोकळा. इथं डेली पॅक संपला का दुसऱ्या दिवसापर्यंत बसा, त्यात लाइन गेली तं टॉवरही जातो.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी मशीन पाहायची, मग आवृत्ती ठरवायची, मग एकाच फेरीत सगळं डाउनलोड, मग इन्स्टॉल, मग डॉक्युमेंटेशन (भाषेची अधिकृत माहितीपुस्तिका), मग पॅकेजं, आणि बातम्या सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करून राहिले, बातमीपासून सुरू करतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, खाली कमांड उच्चाराप्रमाणे मराठीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरात करायच्या, आकडेही इंग्रजी.

१. मशीन पाहा

विंडोज १० किंवा ११ मधे सेटिंग्ज, सिस्टीम, त्यात अबाउट; विंडोज ७ असली तं कॉम्प्युटरच्या चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. दोन गोष्टी वहीत लिहून घ्या: विंडोज कोणती, आणि सिस्टीम ३२ बिट का ६४ बिट.

हे काहून करायचं तं पायथनची प्रत्येक आवृत्ती प्रत्येक विंडोजवर चालत नाही. विंडोज ७ असली तं पायथन ३.८ ही शेवटची, ३.९ पासून पुढची तिथं इन्स्टॉलच होत नाही. विंडोज ८.१ वर ३.१२ पर्यंत. ३.१३ पासून विंडोज १० किंवा ११ पाह्यजेच. बऱ्याच घरी मोठ्या भावाचा किंवा काकाचा जुना लॅपटॉप असतो आणि त्यावर विंडोज ७ च असते, तिथं नवीन इन्स्टॉलर डबलक्लिक करून करून माणूस थकतो आणि फाइल खराब आहे म्हणून पुन्हा डाउनलोड करतो. फाइल चांगलीच असते.

३२ बिट निघालं तं अजून एक अडचण आहे, साधं पायथन चालेल पण बऱ्याच मोठ्या पॅकेजची तयार फाइल ३२ बिटसाठी मिळत नाही, मग ते मशीनवरच कंपाइल करायला, म्हणजे कच्च्या कोडपासून तयार फाइल बनवायला, जाते आणि लाल अक्षरांचा ढीग ओतते. कधी कधी प्रोसेसर ६४ बिटचा असतो आणि विंडोज तेवढी ३२ बिटची टाकलेली असते. अबाउटमधे हे दोन्ही लिहिलेलं असतं, नीट वाचा. तसं असलं तं विंडोज बदलून घेणं किंवा लिनक्स टाकणं हाच मार्ग.

लिनक्स असणाऱ्यांसाठी एवढंच की सिस्टीमसोबत आलेल्या पायथनला हात लावायचा नाही, ते काढलं तं डेस्कटॉपच बसतो. पिप (पॅकेज टाकायचं पायथनचं साधन) वापरताना एक्स्टर्नली मॅनेज्ड अशी तक्रार आली तं ती बरोबरच आहे, जबरदस्तीचा पर्याय वापरू नका, सहाव्या टप्प्यातलं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रोजेक्टपुरता पॅकेजचा वेगळा कप्पा, बनवा.

२. आवृत्ती ठरवा आणि वहीत लिहा

आवृत्तीच्या आकड्यात तीन भाग असतात, ३.१३.५ घ्या. पहिला ३, त्याचं काही करायचं नाही, पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० लाच संपला. मधला १३, हाच महत्त्वाचा, व्हिडिओ, पॅकेज, डॉक्युमेंटेशन सगळं याच्याशी जुळलं पाह्यजे. शेवटचा आकडा दुरुस्त्यांचा, तो पुढेमागे असला तरी चालते.

इथं एक गंमत होते. पुष्कळ जण ३.९ ला ३.१० पेक्षा मोठं समजतात, कारण गणितात ३.९ मोठं असतं. आवृत्तीत तसं नाही, नवाच्या नंतर दहा. पेनड्राइव्हमधे ३.९ आणि ३.११ दोन्ही असताना नवीन म्हणून ३.९ टाकणारे आहेत.

दरवर्षी ऑक्टोबरमधे मधला आकडा एकाने वाढतो. ३.१२ ऑक्टोबर २०२३ ची, ३.१३ ऑक्टोबर २०२४ ची, ३.१४ ऑक्टोबर २०२५ ची. प्रत्येकीला साधारण पाच वर्ष सपोर्ट असतो, पहिली दीड-दोन वर्ष चुका दुरुस्त होतात आणि त्यानंतर फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या.

मग कोणती घ्यायची? माझं मत सरळ आहे, जी सगळ्यात नवीन आहे तिच्या एक मागची. नवीन आवृत्ती आल्याबरोबर सगळी पॅकेजं तिच्यासाठी तयार नसतात, कोणी महिन्यात देतं, कोणी सहा महिने लावतं, आणि नेमकं तुम्हाला पाह्यजे ते पॅकेज त्यात निघतं. गावात राहून हा त्रास अंगावर घ्यायचं काही कारण नाही. फक्त एक अपवाद, कॉलेजच्या लॅबमधे किंवा ज्या कोर्सप्रमाणे तुम्ही चालून राहिले त्यात एखादी आवृत्ती ठरलेली असली, आणि ती सपोर्टमधे असली, तं डोळे झाकून तीच घ्या.

सावधान, इथं दोन खड्डे आहेत.

पहिला: आकड्याच्या शेवटी ए, बी किंवा आरसी लागलं असलं तं ती अजून तयार झालेली आवृत्ती नाही, तपासायला बाहेर ठेवलेली आहे. डाउनलोडच्या पानावर ती प्री-रिलीज म्हणून वेगळी लिहिलेली असते. घेऊ नका.

दुसरा खड्डा जास्त लोकांना पाडतो. एखादी आवृत्ती फक्त सुरक्षेच्या टप्प्यात गेली की तिचा विंडोज इन्स्टॉलर बनवणं बंद होते, नुसता सोर्स कोड देतात. म्हणजे ३.११ मधली सगळ्यात शेवटची म्हणून तुम्ही पान उघडता आणि तिथं इन्स्टॉलरच नसतो, मग लोक कुठल्या तरी भलत्या साइटवरून एक्सई फाइल ओढतात. तसं करायचं नाही, त्याच यादीत मागे मागे जा. ३.८ चा शेवटचा इन्स्टॉलर ३.८.१० ला आहे, ३.१० चा ३.१०.११ ला, ३.११ चा ३.११.९ ला, ३.१२ चा ३.१२.१० ला.

तपासा: वहीत तीन ओळी झाल्या का? विंडोज कोणती, बिट किती, पायथन कोणतं. झाल्या तं पुढे.

३. एकाच फेरीत सगळं डाउनलोड करा

नेट चांगलं असेल तिथं, तालुक्याला, कॉलेजात, बहिणीच्या घरी, जिथं असेल तिथं लॅपटॉप घेऊन जा. नुसता पेनड्राइव्ह नेऊ नका, लॅपटॉपच न्या, कारण पॅकेजं डाउनलोड करायला त्याच आवृत्तीचं पायथन आधी इन्स्टॉल झालेलं लागते आणि दुसऱ्याच्या मशीनवर ते असेलच असं नाही.

झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावायचं शक्यतो टाळा. दिवसभरात गावातले सगळे पेनड्राइव्ह तिथं लागून गेलेले असतात, शॉर्टकट वायरस घेऊन घरी याल.

काय काय घ्यायचं ते असं.

इन्स्टॉलर, फक्त पायथन डॉट ऑर्ग वरून, आपल्या बिटचा. साधारण २५ ते ३० एमबीचा असतो. आता ३.१४ पासून तिथं पायथन इन्स्टॉल मॅनेजर नावाचं नवीन साधन पुढे केलेलं दिसते, ते छोटं आहे पण पायथन स्वतः नेटवरून ओढून आणते. आपल्याला घरी जाऊन नेटशिवाय पुन्हा टाकायची वेळ येऊ शकते, म्हणून जोवर मिळते तोवर पूर्ण इन्स्टॉलरच घ्या.

डॉक्युमेंटेशनची झिप, एचटीएमएलवाली. पायथनच्या डॉक्सच्या पानावर डाउनलोड म्हणून लिंक असते. वरती आवृत्तीची पट्टी असते, ती आपल्या आवृत्तीवर आणूनच डाउनलोड दाबा, नाही तं आपोआप सगळ्यात नवीन येते.

एडिटर, म्हणजे कोड लिहायचं साधन. नवशिक्यांसाठी थॉनी बरं, हलकं आहे आणि जुन्या मशीनवरही चालते. पण थॉनी सोबत स्वतःचं वेगळं पायथन घेऊन येते, तुम्ही टाकलेलं आणि थॉनीतलं दोन वेगळे असतात, म्हणून टूल्समधे ऑप्शन्स, त्यात इंटरप्रिटर, तिथं आपलं पायथन निवडायचं. हे केलं नाही तं पॅकेज टाकल्यावरही ते सापडत नाही म्हणून ओरडते. व्हीएस कोड घेणार असाल तं नेट असतानाच पायथनचं एक्स्टेंशनही त्यात टाकून घ्या, नुसता व्हीएस कोड घरी आणून अर्धंच काम होते.

फाइल खरी आहे का हे पाहायची सोपी रीत: इन्स्टॉलरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स. तिथं पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन असं नाव दिसलं पाह्यजे. मित्राच्या पेनड्राइव्हमधून घेतली असली तं हे न पाहता डबलक्लिक करायचंच नाही.

४. इन्स्टॉल, जागेवरच

घरी येऊन करू असं म्हणू नका, नेट आहे तिथंच करा, म्हणजे काही राहिलं तं लगेच आणता येते.

इन्स्टॉलर उघडला की खाली एक चौकोन असतो, ॲड पायथन टू पाथ असा. पाथ म्हणजे विंडोज कमांड ज्या फोल्डरांमधे शोधते त्यांची यादी. तो आपोआप टिक केलेला नसतो. तो टिक करून मगच इन्स्टॉल नाऊ दाबा. ग्रुपवर येणाऱ्या तक्रारीतल्या निम्म्या तरी या एका चौकोनाच्या असतील असं वाटते.

झाल्यावर नवीन कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची काळी खिडकी) उघडा, आधीपासून उघडा असलेला नाही, त्याला नवीन पाथ माहीत नसतो. पायथन, स्पेस, दोन डॅश, व्हर्जन असं टाका. वहीतला आकडा आला तं झालं.

आकडा न येता मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं तं घाबरू नका आणि तिथून काही घेऊही नका. विंडोजमधे पायथन नावाचा एक खोटा शॉर्टकट आधीच ठेवलेला असतो. सेटिंग्जमधे ॲप एक्झिक्युशन एलियासेस असं शोधा, त्यात पायथनचे दोन्ही बटन बंद करा. तरी नाही आलं तं पाथचा चौकोन राहिला आहे. इन्स्टॉलर पुन्हा चालवा, मॉडिफाय निवडा, पुढच्या पानावर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सचा पर्याय आहे तो टिक करा. लाइन मधेच गेली आणि अर्धवट राहिलं तं तिथंच रिपेअर आहे, सगळं पुसायची गरज नाही.

दुसराच आकडा आला? म्हणजे आधीचं जुनं पायथन मशीनवर आहे. पाय (इंग्रजी पी आणि वाय, दोनच अक्षरं), स्पेस, डॅश, शून्य असं टाकलं की जितकी आहेत तितकी यादीत दिसतात. जुनं लगेच काढायचं नाही, त्यावर कोणाचा प्रोजेक्ट असेल तं तो बंद पडेल. पाय, स्पेस, डॅश, आणि त्याला चिकटून आवृत्ती लिहिली की पाह्यजे तेच पायथन चालते.

ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: पायड्रॉइड ३ घ्या, प्ले स्टोअरवर आहे, अभ्यासाला पुरते. टर्मक्स (मोबाइलवर लिनक्ससारख्या कमांड चालवायचं ॲप) घेणार असाल तं एफ-ड्रॉइड या मोफत ॲपच्या दुकानातून घ्या. आणि कीबोर्डचं आपोआप पहिलं अक्षर मोठं करणं बंद करा, पायथनला मोठं पी असलेलं प्रिंट समजत नाही.

५. डॉक्युमेंटेशन उघडून पाहा, नुसतं ठेवून देऊ नका

झिप डी ड्राइव्हमधे सोप्या नावाच्या फोल्डरमधे मोकळी करा. झिपच्या आतूनच फाइल उघडू नका, लिंका चालत नाहीत. आतली इंडेक्स नावाची फाइल ब्राउझरमधे उघडा, आता मोबाइलचा डेटा बंद करा आणि चार लिंका दाबून पाहा. सर्चमधे ओपन असं टाकून पाहा. हे सगळं नेटशिवाय चाललं पाह्यजे.

डाव्या कोपऱ्यात वर आवृत्ती लिहिलेली असते. वहीतल्या मधल्या आकड्याशी जुळते का? नसेल तं आत्ताच बदला, अजून नेटजवळच आहात.

वाचायचं काय? ट्युटोरियल आधी, मग लागेल तसं लायब्ररी रेफरन्स. लँग्वेज रेफरन्स नावाचा भाग नावावरून महत्त्वाचा वाटतो, पण तो भाषेचे नियम वकिलासारखे मांडतो, शिकायला नाही. तिथून सुरू करून पायथन सोडणारे पाहिले आहेत.

आणि या झिपमधे एक खजिना आहे तो कोणी उघडतच नाही, व्हॉट्स न्यू. प्रत्येक आवृत्तीत काय नवीन आलं, काय काढलं, काय पुढे काढणार, हे बनवणाऱ्यांनीच लिहिलेलं असते, मागच्या सगळ्या आवृत्त्यांसकट. म्हणजे भाषेच्या निम्म्या बातम्या तुमच्या डी ड्राइव्हमधे नेटशिवाय पडलेल्या आहेत आणि आपण रील पाहून राहिलो.

झिप हरवली, पेनड्राइव्ह गेला, तरी एक सोय पायथनमधेच आहे. पायथन, डॅश एम, पायडॉक, डॅश बी अशी कमांड दिली की मशीनवरच्या सगळ्या मॉड्यूलची (इम्पोर्ट करून वापरायच्या कोडच्या फाइलींची) माहिती ब्राउझरमधे उघडते, नेट लागत नाही. प्रॉम्प्टवर हेल्प आणि कंसात फंक्शनचं नाव दिलं तरी काम भागते.

६. पॅकेजं आणा आणि साठा करून ठेवा

शेतकरी बियाणं ठेवताना वाण आणि वर्ष चिठ्ठीवर लिहून थैलीला बांधतो न, तसं या फोल्डरच्या नावातच आवृत्ती लिहा. पायथन ३.१३ साठी आणलेली पॅकेजं वेगळ्या फोल्डरमधे, बाकीची वेगळी. एकत्र केलं की कोणतं कशाचं हे नंतर कळत नाही.

कमांड अशी: पिप, डाउनलोड, मग पॅकेजचं नाव, मग डॅश डी आणि फोल्डरचा पत्ता. हे पॅकेज आणि त्याला लागणारी बाकी पॅकेजं, सगळ्यांच्या फाइली त्या फोल्डरमधे आणते. वेबसाइटवर जाऊन हातानं एक एक फाइल डाउनलोड करणारे इथंच फसतात, पांडाज आणते पण त्याला नमपाय लागते, डेटयुटिल लागते, टीझेडडेटा लागते, ते राहून जाते आणि घरी आल्यावर समजते. डेटा मोजूनमापून असला तं लक्षात ठेवा की नमपाय आणि पांडाज मिळून पंचवीस-तीस एमबीच्या आसपास जाते, पण टॉर्चसारखं काही मागवलं तं शेकडो एमबीचा विषय आहे.

आलेल्या फाइलींची नावं एकदा वाचा. शेवटी डब्ल्यूएचएल पाह्यजे, त्याला व्हील म्हणतात, तयार माल. नावात सीपी३१३ असं असलं तं ती ३.१३ साठी, विन एएमडी६४ असलं तं ६४ बिट विंडोजसाठी, इंटेलचा प्रोसेसर असला तरी तीच. पीवाय३ आणि एनी असं असलं तं कुठंही चालते. टार जीझेड दिसलं तं तो कच्चा माल आहे, घरी कंपाइल होईल का नाही सांगता येत नाही, आधीच पाहून घ्या.

सावधान, नावाचा घोळ. कोडमधे इम्पोर्ट करतो ते नाव आणि पिपला द्यायचं नाव नेहमी एकच नसते. कोडमधे सीव्ही२, पण मागवायचं ओपनसीव्ही डॅश पायथन. कोडमधे पीआयएल, मागवायचं पिलो. कोडमधे एसकेलर्न, मागवायचं सायकिट डॅश लर्न. कोडमधे बीएस४, मागवायचं ब्युटिफुलसूप४. आणि अंदाजानं नाव टाकायचं नाही, कारण पॅकेजच्या जागेवर कोणीही पॅकेज ठेवू शकतो आणि एका अक्षराचा फरक करून चोरीचा कोड ठेवणारे आहेत. नाव त्या पॅकेजच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमधून उचला.

मग व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. प्रोजेक्टच्या फोल्डरमधे जाऊन पायथन, डॅश एम, व्हेन्व्ह, आणि एक नाव. मग त्यातल्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधलं ॲक्टिव्हेट चालवा. प्रॉम्प्टच्या आधी कंसात ते नाव दिसू लागलं म्हणजे आत आलात. आता साठ्यातून टाकायचं: पिप, इन्स्टॉल, दोन डॅश नो डॅश इंडेक्स, दोन डॅश फाइंड डॅश लिंक्स आणि फोल्डरचा पत्ता, शेवटी पॅकेजचं नाव. नो इंडेक्स दिल्यानं ते नेटकडे पाहतच नाही.

ही कमांड नेट बंद करून इथंच एकदा चालवून पाहा. नेटजवळ उभं राहून नेटशिवाय चाचणी, हीच या टप्प्याची खरी तपासणी. चाललं तंच निघा घरी.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा फोल्डर कॉपी करून मित्राला देऊ नका, त्यात तुमच्या मशीनचे पत्ते लिहिलेले असतात. व्हीलचा साठा द्या, तो चालतो, आवृत्ती आणि बिट जुळलं पाह्यजे फक्त.

७. मराठी अक्षरांची भानगड

बाजार समितीचे कापसाचे, सोयाबीनचे भाव घेऊन काही करून पाहायचं बहुतेकांच्या डोक्यात येते, चांगलंच आहे, पण सीएसव्हीत (स्वल्पविरामानं रकाने वेगळे केलेली तक्त्याची साधी फाइल) मराठी असली की अक्षरांचं कडबोळं दिसते किंवा युनिकोड डीकोड एरर येते. कारण विंडोजवर पायथन फाइल उघडताना विंडोजचं जुनं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, धरते. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्वतः लिहायचं, नेहमी, न विसरता. एक्सेलमधून सेव्ह केलेली असली तं यूटीएफ-८-सिग, नाही तं पहिल्या कॉलमच्या नावाला अदृश्य कचरा चिकटून राहते आणि ते नाव असूनही सापडत नाही.

मराठी कीबोर्ड चालू ठेवून कोडमधे १० लिहिलं तं इनव्हॅलिड कॅरेक्टर येते. पण तोच मराठी १० अवतरणात टाकून इंट फंक्शनला दिला तं पायथन तो बरोबर दहा म्हणून घेते, म्हणजे फाइलमधले मराठी आकडे वाचता येतात. व्हेरिएबलचं नाव मराठीत ठेवलं तरी चालते, चालते म्हणून ठेवावंच असं नाही, दर ओळीला कीबोर्ड बदलत बसाल.

व्हॉट्सॲपवर कोड पाठवणं बंद करा भाऊ. मागेपुढे चांदण्या असलेला मजकूर तिथं ठळक होऊन बसतो, कॉपी करताना ओळींच्या सुरवातीची जागा इकडंतिकडं होते, आणि कोणाकोणाच्या कीबोर्डवरून सरळ अवतरणाच्या जागी वाकडं अवतरण येते, जे पायथनला कळत नाही. पीवाय फाइलच डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

८. व्हिडिओ आणि कोर्स पारखून घ्या

आयआयटी बॉम्बेचे स्पोकन ट्युटोरियल डाउनलोड करून नेटशिवाय पाहता येतात, छोटे छोटे असतात, आणि बऱ्याच विषयांचे भारतीय भाषांतही आहेत. त्यातली पायथनची एक मालिका ३.४.३ वर आहे. म्हणजे टाकाऊ का? नाही. लिस्ट, लूप, फंक्शन, फाइल, हे तेव्हा होतं तसंच आजही आहे. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटी रोपडचा जॉय ऑफ कॉम्प्युटिंग युझिंग पायथन हा कोर्सही नवशिक्यांना जमण्यासारखा आहे.

जुनं म्हणून फेकायचं नाही आणि नवीन थंबनेल म्हणून घ्यायचंही नाही. प्रिंटला कंस नाही, रॉ इनपुट वापरलं आहे, एक्सरेंज दिसते, असं काही दिसलं तं तो पायथन २ चा माल आहे, बंद करा. डिस्टयुटिल्स किंवा आयएमपी इम्पोर्ट करत असला तं ३.१२ पासून पुढे ते चालणार नाही, काढून टाकलं आहे. सीजीआय वापरून वेबसाइट शिकवत असला तं ३.१३ मधे तेही गेलं, जुनी एकोणीस मॉड्यूल एकाच झटक्यात काढली त्यात. पॅकेजचं असलं तं पायपीआय या पॅकेजच्या साइटवर त्या पॅकेजच्या पानावर रिक्वायर्स म्हणून किमान पायथन आणि रिलीज हिस्टरीत शेवटची तारीख दिसते, पाच वर्षात हात लागलेला नसला तं दुसरं शोधा.

९. बातम्या: कुठल्या वाचायच्या आणि कशा

रोज वाचायची गरजच नाही. वर्षातून एक आवृत्ती येणारी भाषा आहे, महिन्यातून एकदा अर्धा तास बास.

पहिली जागा, पायथनच्या डेव्हलपर गाइडमधलं स्टेटस ऑफ पायथन व्हर्जन्स हे पान. एक तक्ता आहे, कोणती आवृत्ती कोणत्या टप्प्यात आणि कधी संपणार. अपडेट करा असं फॉरवर्ड आलं की आधी हा तक्ता. तुमची आवृत्ती बगफिक्स किंवा सिक्युरिटीमधे असली तं घाई नाही.

दुसरी जागा व्हॉट्स न्यू, पण वरून खाली वाचू नका. वरती चमकदार गोष्टी असतात. खाली रिमूव्ह्ड आणि डेप्रिकेटेड असे भाग असतात, तुमचं चालू काम बंद पाडणाऱ्या गोष्टी तिथं असतात, ते आधी.

तिसरी पेप. भाषेत काही बदल करायचा असला की आधी असा प्रस्ताव लिहितात, त्याला नंबर असतो. सगळ्यात जास्त चुकीच्या बातम्या यातूनच तयार होतात, कारण लोक प्रस्ताव वाचतात आणि झालं म्हणून सांगतात. पेप उघडला की वरती स्टेटस पाहायचं. ड्राफ्ट म्हणजे नुसतं म्हणणं मांडलं. रिजेक्टेड म्हणजे नाकारलं. ॲक्सेप्टेड म्हणजे मंजूर, पण अजून बनून आलं असेलच असं नाही. फायनल म्हणजे झालं. त्याखाली पायथन व्हर्जनची ओळ असते, कशात येणार ते.

दोन उदाहरणं घ्या म्हणजे कळेल. जीआयएल गेला, पायथन आता पळणार, असे व्हिडिओ किती आले. जीआयएल म्हणजे पायथनमधे एका वेळी कोडचं एकच काम चालू देणारं कुलूप. खरं काय तं पेप ७०३ मंजूर झाला २०२३ मधे, ३.१३ मधे त्याचं वेगळं बिल्ड प्रयोग म्हणून आलं, ३.१४ मधे त्याला अधिकृत सपोर्ट मिळाला, पण अजूनही ते वेगळंच आहे. तुम्ही नेहमीसारखं इन्स्टॉल केलं तं जीआयएल जागेवरच असतो. तुमच्या हाजरीपटाच्या प्रोजेक्टला त्यानं काही फरक पडत नाही.

उलट पेप ६८६ बद्दल कोणी बोलत नाही आणि आपल्या कामाचा तोच आहे. ३.१५ पासून यूटीएफ-८ आपोआप धरायचं असं त्यात मंजूर झालं आहे, म्हणजे सातव्या टप्प्यातली मराठी सीएसव्हीची भानगड बरीच कमी होईल. तरी एन्कोडिंग लिहायची सवय सोडू नका, जुन्या पायथनवाल्या मित्राकडे तोच कोड चालला पाह्यजे.

१०. अडलं तं विचारायचं कसं

स्क्रीनचा तिरपा फोटो काढून, हे काहून येऊन राहिलं, एवढंच लिहिलं तं कोणी उत्तर देत नाही, आणि देणारा तरी काय देईल. ट्रेसबॅकची (चूक झाल्यावर पायथन दाखवते त्या मजकुराची) सगळ्यात खालची ओळ आधी स्वतः वाचा, खरी तक्रार तिथं असते. मग आवृत्ती, विंडोज, पूर्ण ट्रेसबॅक मजकूर म्हणून, आणि चूक येईल एवढाच छोटा कोड. कोड छोटा करता करता बऱ्याचदा उत्तर आपलं आपल्यालाच सापडते.

विचारण्याआधी एक पाहा, तुमच्या फाइलचं नावच रँडम किंवा नमपाय तं नाही? तसं असलं की पायथन खऱ्या मॉड्यूलऐवजी तुमचीच फाइल उचलते. ३.१३ पासून एररमधे तसा इशाराही येतो.

११. आवृत्ती बदलायची वेळ आली तं

तक्त्यात तुमची आवृत्ती संपायला सहा-आठ महिने राहिले, किंवा पाह्यजे ते पॅकेज तिच्यावर यायचं बंद झालं, ही दोनच कारणं धरा. परीक्षा किंवा प्रोजेक्ट सबमिशन तोंडावर असलं तं तीही थांबू द्या.

आधी जुन्या एन्व्हायर्नमेंटमधे पिप फ्रीझ चालवून पॅकेजची यादी एका फाइलमधे घ्या. मग नवीन पायथन जुन्याच्या बाजूला टाका, वरून नाही, मधला आकडा वेगळा असला की दोन्ही सुखानं राहतात. नवीन नावानं साठ्याचं फोल्डर, नवीन आवृत्तीची डॉक्युमेंटेशन झिप, नवीन एन्व्हायर्नमेंट. जुना प्रोजेक्ट त्यात चालवताना पायथनपुढे डॅश, मोठं डब्ल्यू, स्पेस, डीफॉल्ट असं लावा, म्हणजे पुढे काय बंद पडणार त्याच्या सूचना लपून न राहता समोर येतात. यादीतलं एखादं पॅकेज नव्यावर आलंच नाही तं तेवढा प्रोजेक्ट जुन्यावर राहू द्या आणि जुनं पायथन काढू नका.